लिहून दिलेले आभार

देशमुखानं माझ्या तोंडात दोन बोटं घातली आणि जबडा वर उचलला.

बैलबाजारात घालतात तशी. अंगठा हनुवटीखाली, बोटं दातांवर. बोटांना अत्तराचा वास होता आणि तंबाखूची चव. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. शाळेच्या ओसरीवर उभा होतो. मागं तीस-चाळीस पोरं, पुढं पंतोजी हात बांधून.

"दोनदाती हाये," देशमुख म्हणाला. "लई वर्सं चालन अजून."

सगळी ओसरी हसली. पंतोजी हसले. ज्याच्या पाटीवर मी रोज हिशेब सोडवून द्यायचो तो पोट्टाही हसला. आणि हे लिहायला हात पुढं सरत नाही, पण लिहितो, मीही हसलो. तोंडात दुसऱ्याची बोटं असताना जेवढं हसता येतं तेवढं. लाळ हनुवटीवरून खाली आली. देशमुखानं बोटं काढली आणि माझ्याच सदऱ्याला पुसली.

"बोलते का हे?"

"बोलतो, मालक. आवाज चांगला आहे त्याला," पंतोजी म्हणाले.

"तं बोलव."

मी एकोणिसाचा पाढा म्हटला. अर्ध्यावर आलो तेव्हा रस्त्यावरून चाललेल्या एका गाडीवानानं बैल थांबवून आत पाहिलं. माझा आवाज शाळेत कमावलेला नव्हता. जवारीच्या वावरात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलली, त्यातून आलेला होता. पाखराला हळू बोललेलं कळत नाही.

"यालेच उभा करा," देशमुख म्हणाला. "पन आंघोळ घाला. वास येऊन राह्यला."

तिथंच, ओसरीपुढच्या विहिरीवर, देशमुखाच्या गड्यानं मला उघडा करून धुतलं. बैल धुतात त्या काथ्यानं. पोरं बघत होती. देशमुख नाकाला रुमाल लावून बघत होता. धुऊन झाल्यावर पंतोजी म्हणाले, "मालकांचे आभार मान." मी मानले. अंगावरून पाणी गळत होतं, दात वाजत होते, आणि मी हात जोडून म्हणत होतो, उपकार झाले जी.

आज ते आठवलं की मला देशमुखाची नाही तेवढी माझ्या त्या जोडलेल्या हातांची किळस येते.

माझा बाप देशमुखाचा सालदार. साल ठरवून त्याच्या वावरात राबायचा, नांदगाव पेठेच्या बाजूला. अमरावतीला तेव्हा आम्ही उमरावती म्हणायचो. देशमुख तिथं राहायचा, आणि सालदारांची चार-पाच पोरं त्यानं शाळेत घालून घरी ठेवली होती. झोपायचं कोठ्यात, बैलांजवळ. जेवायचं मागच्या दारी. गावापासून फार लांब नाही, पण त्या वयात कोस मोजत नसतात. माय दिसत नाही म्हणजे लांबच.

ते कापसाचे दिवस होते. कुठं तरी अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, म्हणून विलायतेला आमचा लागत होता. रस्त्यावर बंड्यांची, बैलगाड्यांची, रांग संपत नसे. देशमुखाच्या बैलांच्या शिंगांवर चांदीची टोपणं आली. दिवाणखान्यात झुंबर आलं. वाटेत फुटू नये म्हणून ते कापसात गुंडाळून आणलं होतं, आणि तो कापूस काढताना मी ओळखला. आमच्याच वावराचा, लांब धाग्याचा. माझ्या मायनं वेचलेला असेल. मायचं लुगडं मात्र तेच होतं, गुडघ्यावर शिवलेलं.

पैसा आला. आता देशमुखाला मान पाहिजे होता. सरकारातून पदवी मिळते असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. म्हणून त्यानं शाळेला राजापेठेच्या अंगाला नवी इमारत बांधून दिली. ती उघडायला जिल्ह्याचा साहेब येणार होता. आणि तिथं मांडवात साहेबापुढं एका सालदाराच्या पोरानं उभं राहून, खणखणीत आवाजात, देशमुखाचे आभार मानायचे होते.

तो पोरगा मी.

पंतोजींनी मला महिनाभर शिकवलं. पंतोजी पुण्याकडचे. अंगानं काटकुळे, पोटदुखीनं हैराण, नोकरी जाईल या भीतीनं अर्धे झालेले. आमच्या बोलीचा त्यांना त्रास व्हायचा. पण शिकवत असताना तो माणूस वेगळाच व्हायचा. हे मला सांगितलंच पाहिजे. मी उपकार विसरणाऱ्यातला नाही.

पहाटे, बंड्या यायच्या आधी, आम्ही कापसाच्या पेठेत जायचो. मोकळं मैदान. मला एका टोकाला उभं करून पंतोजी दुसऱ्या टोकाला जायचे, हातात छत्री. माझं बोलणं ऐकू आलं की छत्री वर. नाही आलं की खाली. पहिल्या दिवशी छत्री वर गेलीच नाही. मी ओरडत होतो, आणि ते इतक्या लांबून मान हलवत होते.

मग जवळ येऊन म्हणाले, "तू ओरडतोस. ओरडणं पाखरांना. माणसाला बोलायचं. श्वास पोटात घे. आणि घाई करू नकोस. घाईनं बोलणारा माणूस आधीच माफी मागत असतो."

हे वाक्य मी विसरलो नाही.

त्यांनी मला शिकवलं की सगळ्यात शेवटी बसलेल्या माणसाकडं बघून बोलावं, मग मधले सगळे आपोआप ऐकतात. वाक्य संपलं की थांबावं. थांबायला भ्यायचं नाही. आपण थांबलो की समोरचे लोकही थांबतात, श्वास धरतात, आणि तेवढा वेळ ते आपल्या मुठीत असतात. हात सदऱ्याला पुसत बसायचं नाही. पायाखाली जमीन आहे, ती आपल्यालाही तेवढीच धरते जेवढी देशमुखाला.

देशमुखाचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. ते मी घातलं.

पंधरा दिवसांत एवढा फरक पडला. त्याआधी कुणी मोठा माणूस समोर आला की माझा शब्द अर्धाच बाहेर पडायचा. आता भ्यायचो, पण शब्द पुरा पडायचा. भीती जाते असं जे म्हणतात ते खोटं. माझी अजूनही गेली नाही. भीती असताना बोलता येतं, एवढंच कळतं. पण एवढंच पुष्कळ असतं.

एका दुपारी मागच्या दारी आचाऱ्यानं आमच्यापुढं रोजच्यासारख्या कालच्या भाकरी टाकल्या. टाकल्याच. ताटात पडली तर पडली. मी उभा राहिलो. श्वास पोटात घेतला.

"महाराज, हे कालची हाये. आज चुलीवर नवी झाली, म्या पाह्यली. ते आमाले कावून नाही?"

ओरडलो नाही. आचारी माझ्याकडं बघतच राहिला. त्याला शिवी देता आली असती, झारा मारता आला असता. पण आतल्या सोप्यात पाहुणे होते आणि माझा आवाज तिथपर्यंत गेला असणार हे त्याला कळलं. तो आत गेला. गरम भाकरी घेऊन आला.

शेजारचा पोट्टा भाकरीची वाफ तोंडावर घेत म्हणाला, "पुन्हा म्हन ना बे. आता डाळ माग."

आम्ही हसलो. त्या घरात मी पहिल्यांदा माझ्या मनानं हसलो. आणि तिसऱ्या प्रहरी, कुणी न सांगता, मी परत जाऊन त्या आचाऱ्याचे आभार मानून आलो. हा माझा रोग. आपल्या हक्काच्या भाकरीचेही आभार मानतो.

भाषण पंतोजींनी लिहिलं. पहिलं लिहिलं ते बरं होतं. विद्येचं महत्त्व, सरकारची कृपा, देशमुखांचं दातृत्व. मला अर्धं कळत नव्हतं, पण पाठ झालं. मग ते देशमुखाला वाचून दाखवलं. तो सुपारी कातरत ऐकत होता.

"हे तं कोनताही पोट्टा म्हनन," तो म्हणाला. "हा कुठून आणला ते आलं पायजे त्यात. चिखल दिसला पायजे, तं कमळ दिसते."

म्हणून पंतोजींनी चिखल लिहिला. मला तो आजही तोंडपाठ आहे. "मी एका अडाणी सालदाराचा पुत्र. माझा पिता मद्यपी व पशुतुल्य. त्यास भाकर कळे, अक्षर कळेना. श्रीमंतांनी आम्हांस गोठ्यातून उचलून माणसांत आणिले."

मी विचारलं, "मद्यपी म्हंजे काय जी?"

"दारू पिणारा."

"माहा बाप दारू पेत नाही."

पंतोजी छत्रीच्या मुठीकडं बघत होते. "अरे, हे भाषण आहे. कचेरीतली साक्ष नव्हे."

"पन बाप येईन ना तिथं. आयकन ना."

"त्याला मद्यपी हा शब्द कळणार आहे का?"

त्यांनी ते वाईटपणानं म्हटलं नाही. माझी समजूत काढण्यासाठी म्हटलं. तुझ्या बापाला कळणार नाही अशा शब्दांत तुझ्या बापाला शिवी दिली आहे, मग काय हरकत, असं. शिकलेल्या माणसाचा दयाळूपणा असा असतो हे मी तिथं पाहिलं. आणि खरं सांगतो, माझी समजूत निघाली. मला हायसं वाटलं.

चार दिवसांनी देशमुख स्वतः पेठेत आला, माझी तयारी बघायला. ऐकलं. तोंड वाकडं केलं.

"मद्यपी कोनाले समजन, पंतोजी? दारुडा म्हनू द्या. लोकाले समजलं पायजे ना."

"जशी आज्ञा, मालक."

देशमुख गेल्यावर मी रडलो. पंतोजी माझ्यापुढं उकिडवे बसले. ब्राह्मण माणूस, माझ्या खांद्याला हात लावला, नंतर आंघोळ केली असेल, पण लावला. म्हणाले, "बाळ, एवढं एक वाक्य. एवढं म्हण. पुढची शाळा तुझी, पुढची सगळी वाक्यं तुझी. मी आयुष्यभर दुसरं काय केलं?"

मग ते उठून मैदानाच्या टोकाला गेले. मी श्वास पोटात घेतला आणि म्हटलं, "माझा बाप दारुडा."

छत्री वर गेली.

माझ्या बापाला मी दारू पिताना कधी पाहिलं नाही. पोळ्याला देशमुखाचे कारभारी बाटल्या उघडायचे तेव्हा बाप बैलांना घेऊन नाल्यावर निघून जायचा. देशमुखापुढं त्याच्या तोंडून 'हो जी' याशिवाय शब्द निघत नसे. बैलांशी मात्र तो दिवसभर बोलायचा. वखर चालवताना त्यांना गावातल्या बातम्या सांगायचा, सल्ला विचारायचा. मी तेव्हा समजायचो की बापाला माणसांशी बोलता येत नाही. येत होतं. माणसं नव्हती.

समारंभाच्या दिवशी बाप पायी आला. नांदगाव पेठेहून सूर्य उगवायच्या आधी निघालेला. रिठ्यानं धुतलेलं पांढरं धोतर, डोक्याला कोरं मुंडासं. मायनं तयार करून धाडलेला. मला लाल मखमलीचा कोट घातला होता, जरीची टोपी. बापानं मांडवामागं मला गाठलं. कोटाला हात लावावासा वाटला त्याला, पण तळहात खरखरीत, मखमल धरेल, म्हणून हाताची पाठ फिरवली.

"चांगला दिसते रे."

"माय?"

"माय मांगून येनार होती. म्हन्लं पाय दुखतीन. काय बोलनार हायेस?"

"आभार."

"मोठ्यानं बोल. म्या लई मांगं बसलो तरी आयकू आलं पायजे."

मी कोटाची गुंडी लावत राहिलो. तेवढ्यात देशमुखाचा कारभारी आला. बापाला वरून खाली पाहिलं.

"हे काय सोंग? धुतलेलं कायले नेसून आला?"

"साहेब येते म्हने जी. म्हनून..."

"अबे, तुले पाहून साहेबाले समजलं पायजे ना, पोट्टा कुठून उचलला ते. तू तं पाटील होऊन आला. जा, कोठ्यात जा. गड्याचं नेस."

"हो जी," बाप म्हणाला.

तो गेला. आला तेव्हा कमरेला गड्याचं फाटकं फडकं होतं, शेणानं कडक झालेलं. मुंडासं नाही. छाती उघडी. त्याला मागं बसू दिलंच नाही. अगदी पुढं, चौथऱ्याच्या पायथ्याशी, जमिनीवर बसवला. मी वर, तो खाली, दोघं एका नजरेत दिसावे असा. नाटकात जागा ठरवतात तशी जागा ठरवली होती.

मांडव भरला होता. खुर्चीवर साहेब, शेजारी देशमुख. मग व्यापारी, वकील, देवळातले भटजी. मागं आमच्यासारखी माणसं उभी. चौथऱ्याच्या एका बाजूला पंतोजी, बगलेत छत्री. माझं नाव पुकारलं नाही. "सालदाराचा पोर," असं पुकारलं.

मी उभा राहिलो. विद्येचं महत्त्व बोललो. सरकारची कृपा बोललो. आवाज मांडवाबाहेर जात होता, मला कळत होतं. साहेब मान डोलवत होता. देशमुखाचं तोंड फुललं होतं. "मी एका अडाणी सालदाराचा पुत्र," मी म्हटलं. लोकांनी बापाकडं पाहिलं. बापानं हात जोडले. त्याला वाटलं आपली ओळख करून देताहेत.

मी थांबलो.

थांबायला भ्यायचं नाही. लोकही थांबले. कुठं तरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. कारभारी दबक्या आवाजात म्हणाला, "माझा बाप... माझा बाप दारुडा... म्हन ना बे."

बापानं ते ऐकलं. इतका जवळ होता तो. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. जोडलेले हात तसेच.

मी सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या माणसाकडं पाहिलं. कोण होता ठाऊक नाही. खांद्यावर जू ठेवून उभा होता. त्याला मी म्हटलं,

"मले जे लिहून देल्लं ते खोटं हाये. माहा बाप दारू पेत नाही. आज तो धुतलेलं धोतर नेसून आला होता. यायनं ते सोडवलं, अन् हे शेणाचं फडकं नेसवलं. त्याचं धोतर कोठ्यात हाये. ते आना."

एवढंच. चार-पाच वाक्यं. एकही घाईनं बोललो नाही.

साहेबानं शेजारी वाकून काही विचारलं. देशमुख हसत म्हणाला, "लडका घबरा गया, हुजूर." साहेबाला मराठी येत होती. मागच्या महिन्यात शाळेत येऊन त्यानं आमची परीक्षा मराठीतून घेतली होती, मला शाबासकी दिली होती. पण त्या घडीला त्याला मराठी समजली नाही. त्यानं दोन टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. माझं खरं बोलणं टाळ्यांनी पुसून टाकलं. माझ्या सदऱ्याला देशमुखानं बोटं पुसली होती ना, तसं.

मागून एकजण मात्र ओरडला, "धोतर आना ना बे त्याचं!" काही लोक हसले. कशाला हसले हे मला आजही सांगता येत नाही.

आणि मग माझा बाप उठला. चौथऱ्यावर चढला. मला वाटलं मला उचलून घेईल. त्यानं माझ्या कानफटात मारली. सगळ्यांपुढं. मग देशमुखाच्या पायाशी आडवा झाला. "लेकराची चूक झाली जी. लेकरू हाये जी."

कारभाऱ्यानं तिथंच माझा कोट उतरवला. टोपी उतरवली. पंतोजी दुसरीकडं बघत होते. छत्री उघडून सावली केली होती त्यांनी, मांडवात, सावलीतच. त्यांचा राग मी कितीदा करायला गेलो, होत नाही. आणि होत नाही याचाही राग येतो.

चूक देशमुखाची एकच झाली. त्याला वाटलं, आवाज आपण तयार करून घेतला म्हणजे त्यातून निघेल तेही आपलंच. बैल विकत घेतला की नांगरट आपली, तसं. महिनाभर माणूस लावून त्यानं मला न भिता बोलायला शिकवलं, फक्त आपल्या स्तुतीसाठी. असल्या लोकांना अजूनही हेच वाटतं. म्हणूनच ते शाळा बांधतात.

परतीच्या वाटेवर बाप पुढं, मी मागं. धोतर परत मिळालं नव्हतं. रस्त्यानं कापसाच्या बंड्या येत होत्या, गाडीवान वळून बघत होते. नांदगाव पेठ दिसायला लागली तेव्हा बाप थांबला. मला वाटलं आता म्हणेल, बरं केलंस. मी तेवढ्याच एका शब्दासाठी इतकं चाललो होतो.

"खोटं नाही बोलला तू," बाप म्हणाला.

मी वाट बघत राहिलो.

"पन मले इचारलं होतं का? त्यायनं मले दारुडा केलं. तुनं मले लोकायपुढं नागवा केलं. धोतर सोडवलं ते चार जनाले ठाऊक होतं, तुनं गावाले सांगतलं. दोघंही माह्याच अंगावर उभे राहून बोलले. मले तोंड होतं ना रे."

मी म्हटलं, "तू बोलला नसता."

"नसतो बोललो. पन ते माहं होतं."

मग तो चालायला लागला. त्यानंतर या गोष्टीवर तो कधीही बोलला नाही. मी त्याला कधी विचारलंही नाही. पुढच्या साली त्याला त्या पंचक्रोशीत कुणी साल दिलं नाही. माझी शाळा तर त्या मांडवातच संपली. मी अकोल्याला गेलो. तिथं सरकी काढलेली रुई दाबून गठ्ठे बांधायचं काम मिळालं. मग लोहमार्ग आला, आणि ज्या वाटेनं कापूस गेला त्याच वाटेनं मी मुंबईला आलो. घर तिकडं राहिलं. बाप मेला तेव्हा निरोप तेरा दिवसांनी पोचला.

आता मी कुलाब्याच्या कापसाच्या वखारीत कामाला आहे. तापानं फणफणलेला इथं उतरलो तेव्हा एका मुकादमानं मला खोली दिली, पेज पाजली, काम दिलं. त्याचे उपकार मी विसरत नाही. भेटला की दहादा बोलून दाखवतो, तो कंटाळतो.

रविवारी वखारीच्या मागच्या भिंतीशी मी हमालांची पोरं गोळा करतो. शाळा अर्धी राहिली, पण अक्षर येतं तेवढं शिकवतो. पण मुख्य म्हणजे बोलायला उभं करतो. एकेकानं उभं राहायचं, मी भिंतीच्या टोकाला उभा, मला ऐकू आलं पाहिजे. काय बोलायचं ते मी सांगत नाही. काय खाल्लं, काय पाहिलं, कुणी मारलं, कशाची भीती वाटते. स्वतःचं. दुसऱ्याचं सांगायचं असेल तर आधी त्याला विचारून यायचं. हा एकच नियम, आणि तो मी एका उघड्या अंगाच्या माणसाकडून शिकलो.

मुलांना चारचौघांत बोलायला शिकवावं, त्यानं पोरं धीट होतात, साहेबापुढं चमकतात, नोकरीला लागतात, असं हल्ली मोठमोठे लोक सभेत सांगतात. मीही एकदा मागं उभं राहून ऐकलं. मग त्याच सभेत सहा वर्षांच्या एका पोरीला टेबलावर उभं केलं आणि तिनं पाहुण्यांची स्तुती म्हणून दाखवली. तिचे पाय कापत होते. सगळे म्हणाले, किती गोड. मला ते ऐकवेना. बाहेर जाऊन भिंतीला हात टेकून उभा राहिलो.

फायदे आहेत. मीच त्याचा दाखला आहे. पण फायदे सांगणारे मार सांगत नाहीत. आमच्याकडं एक पोरगी उभी राहून म्हणाली, "भावाला दूध मिळतं, मला नाही." खणखणीत म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिच्या गालावर वळ होते. मी तिच्या बापाकडं गेलो नाही. भ्यालो. पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली आणि म्हणाली, "मार खाल्ला, ते सांगू का?" मी म्हटलं, तुझं आहे, सांग.

परवा मुकादम एक कागद घेऊन आला. वखारीच्या शेठनं पोरांना पाट्या देऊ केल्या आहेत. दसऱ्याला समारंभ. पोरांनी ओळीनं उभं राहून म्हणायचं ते लिहून दिलं होतं. "आम्ही निराधार, अज्ञान बालके." आई-बाप समोर जमिनीवर बसलेले असणार, दिवसभर गठ्ठे वाहून आलेले, आणि पोरांनी म्हणायचं, आम्ही निराधार.

मी कागद घेतला. "उपकार झाले," म्हटलं. तोंडातून निघून गेलं. मुकादम खूश होऊन गेला. तेव्हापासून तो कागद उशाशी आहे आणि मला झोप नाही. नोकरी त्याच्या हातात, खोली त्याची. या वयात दुसरीकडं कोण ठेवील?

पण काल मी पोरांना कागद वाचून दाखवला आणि विचारलं, हे म्हणायचं का? ती पोरगी म्हणाली, "माझी आई आहे की." बाकीची हसली. मग एकेकानं उभं राहून नाही म्हटलं. मी भिंतीच्या टोकाला होतो. सगळ्यांचं ऐकू आलं.

उद्या सकाळी मी मुकादमाकडं जाणार आहे. भीती वाटेल, ते मला ठाऊक आहे. कागद परत देणार. सांगणार, पोरं बोलतील तर आपलं बोलतील, शेठला ते चालत नसेल तर एकही पोर उभं राहणार नाही, आणि पाट्या राहू द्या, भिंत आहे, कोळसा आहे. खोली जाईल तर जाईल. तुमचे उपकार माझ्यावर आहेत, ते मी मरेपर्यंत फेडीन. पोरांच्या तोंडातून फेडणार नाही.